स्वयंचलित घड्याळ का थांबते? झीज ओळखण्याची आणि दुरुस्तीची रीत

मुंबई : रात्री मनगटावरून काढताना व्यवस्थित चालणारे स्वयंचलित घड्याळ सकाळी थांबलेले आढळते. हातात घेऊन हलवले की ते पुन्हा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार घडतो. अशा वेळी ‘मशीन गेले’ असा निष्कर्ष काढून संपूर्ण यंत्रच बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. प्रत्यक्षात बिघाड एखाद्या झिजलेल्या चाकात असू शकतो आणि क्वचित तो घड्याळात नसतोही. वडिलांनी जपलेले किंवा निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले घड्याळ असेल, तर योग्य निदानाचे मोल केवळ पैशांत मोजता येत नाही.

शक्ती येते कुठून?

स्वयंचलित घड्याळात बॅटरी नसते. आतील अर्धवर्तुळाकार वजन, म्हणजे रोटर, हाताच्या हालचालीने फिरतो आणि त्याची गती छोट्या चाकांमार्फत मुख्य स्प्रिंगला पीळ देते. बहुतेक रचनांमध्ये रोटर कोणत्याही दिशेने फिरला तरी पीळ एकाच दिशेने बसावा, याची काळजी ‘रिव्हर्सर’ चाके घेतात. स्प्रिंगमधील शक्ती दातेरी चाकांच्या साखळीतून बॅलन्स चाकापर्यंत जाते आणि बॅलन्सचे झोके काळ मोजतात. ताशी २८,८०० ठोके देणारे यंत्र दिवसाला ६ लाख ९१ हजार २०० ठोके देते. वर्षानुवर्षे अखंड चालणाऱ्या या यंत्रातील तेल वाळले की धातूवर धातू घासू लागतो. झिजेची सुरुवात तेथूनच होते.

घरी करता येणारी चाचणी

घड्याळाला हाताने चावी देता येत असेल, तर चावी हलक्या हाताने तीस ते चाळीस वेळा फिरवावी आणि घड्याळ तबकडी वर करून स्थिर ठेवावे. जुन्या प्रचलित यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे अशा स्थितीत सुमारे ४० तास चालतात. घड्याळ तेवढे चालले, तर मुख्य स्प्रिंग आणि चाकांची साखळी बहुधा ठीक आहे. असे असूनही दिवसभर वापरल्यावर ते रात्री थांबत असेल, तर संशय रोटर आणि रिव्हर्सरवर जातो.

मात्र, त्यापूर्वी एक साधी शक्यता तपासावी. दिवसाचा बराच वेळ बसून काढणाऱ्या किंवा वृद्ध व्यक्तीच्या हाताची हालचाल स्प्रिंगला पुरेसा पीळ देण्यास कमी पडू शकते. तेच घड्याळ घरातील अधिक हालचाल करणाऱ्या व्यक्तीने दिवसभर वापरल्यावर रात्रभर चालले, तर दुरुस्तीची गरज नाही. रोज सकाळी थोडी चावी देणे पुरेसे ठरते.

लक्षणे काय सांगतात?

घड्याळ हलवताना खरखर ऐकू येत असेल आणि मागील झाकणाच्या आतल्या बाजूस वर्तुळाकार ओरखडे दिसत असतील, तर रोटरचे बेअरिंग सैल झालेले असते. चावी देताना रोटरही जोराने फिरू लागला, तर रिव्हर्सर चाके अडकत आहेत किंवा झिजली आहेत, असे समजावे.

सेकंदकाटा अचूक चालतो, पण मिनिटकाटा मागे पडतो, हे लक्षण वेगळे आहे. काट्यांना गती देणाऱ्या कॅनन पिनियनची पकड सैल झाल्याने असे घडते. याउलट घड्याळ एकाएकी काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर ते बहुधा झिजेचे लक्षण नसते. चुंबकत्वामुळे हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. हा दोष घड्याळ न उघडता, चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणाने काही क्षणांत दूर होतो.

कारागिराच्या टेबलावर

कुशल कारागीर प्रथम घड्याळ टायमिंग यंत्रावर ठेवतो. हे यंत्र ठोक्यांचा आवाज ऐकून दैनंदिन चूक आणि बॅलन्सच्या झोक्याचा कोन दाखवते. पूर्ण पीळ दिलेल्या आणि तबकडी वर असलेल्या निरोगी घड्याळात हा कोन साधारणतः २७० ते ३१० अंश असतो. तो २०० अंशांच्या खाली गेला, तर शक्ती वाटेत कुठेतरी अडते आहे. घड्याळ उभे धरताच झोका फारच घसरला, तर बॅलन्सच्या आसाची टोके तपासावी लागतात. ही टोके मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही बारीक असतात.

त्यानंतर यंत्र पूर्ण सुटे करून स्वच्छ केले जाते आणि प्रत्येक भाग भिंगाखाली पाहिला जातो. आसाच्या टोकावर उथळ रेघ असेल, तर ते घासून गुळगुळीत करता येते. खोल चर पडली असेल, तर चाक बदलावे लागते. तडा गेलेला खडा काढून नवा बसवता येतो. धातूच्या पट्टीतील गोल छिद्र झिजून लांबट झाले असेल, तर ते रुंद करून त्यात नवी बुश बसवतात. मुख्य स्प्रिंग सहसा बदलणेच श्रेयस्कर असते. स्प्रिंग ज्या डबीत असते, तिच्या भिंतीला विशिष्ट ग्रीस लावणेही तितकेच आवश्यक आहे. पूर्ण पीळ बसल्यावर स्प्रिंगचे बाहेरील टोक या भिंतीवर घसरते. ग्रीस वाळले की ते वेळेआधीच घसरते आणि घड्याळ लवकर थांबते.

केवळ तेलाचा थेंब सोडून भागवण्याची पद्धत सर्वांत घातक आहे. जुन्या तेलातील धातूचा चुरा नव्या तेलात मिसळून घासण्याच्या लेपासारखे काम करतो आणि झीज वाढवतो.

सुट्या भागांचा प्रश्न

भारतात ही अडचण एचएमटीच्या घड्याळांबाबत विशेष जाणवते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. त्यानंतर काही दशके देशातील असंख्य घरांत ही घड्याळे पोहोचली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आता कारागिरांना जुन्या साठ्यावर किंवा बंद पडलेल्या घड्याळांतून काढलेल्या भागांवर अवलंबून राहावे लागते. असा भाग बसवण्यापूर्वी तोही झिजलेला नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

त्यामुळे घड्याळ दुरुस्तीला देताना ग्राहकाने तीन गोष्टी मागाव्यात : दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे टायमिंग यंत्रावरील आकडे, बदललेल्या भागांची यादी आणि काढलेले जुने भाग. ते भाग हाती आले की नेमके काय झिजले होते, हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. ठीक असलेला भाग विनाकारण काढला गेला असेल, तर तेही लपून राहत नाही.