मेंदूतील गाठ आणि नेत्रपरीक्षा

डोकेदुखी जडली की आपल्याकडील माणूस बहुधा आधी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो. यात हसण्याजोगे काही नाही. चष्म्याच्या नंबरानेही डोके दुखते. घोटाळा होतो तो पुढे. भिंतीवरच्या तक्त्यातील शेवटची ओळ त्याने घडाघड वाचली की 'डोळे उत्तम आहेत' असे ऐकून तो निर्धास्तपणे घरी जातो. आमचे म्हणणे एवढेच की, तक्ता वाचून घेणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे.

कवटी ही हाडांची बंद पेटी. तीत गाठ वाढू लागली म्हणजे दाब वाढतो. दृष्टीची नस हा मेंदूचाच फाटा. मेंदूची आवरणे आणि त्यांतील पाणी तिच्याभोवती थेट नेत्रगोलापर्यंत येते. त्यामुळे आतला दाब डोळ्याच्या पडद्यावर, नसेच्या तोंडाशी, सुजेच्या रूपाने उमटतो. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले आणि १८६० मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफेने मेंदूत गाठ असलेल्या रोग्यांतील ही सूज वर्णिली. या सुजेची लबाडी अशी की, आरंभी दृष्टी शाबूत असते. फार तर वाकताना-उठताना क्षणभर अंधारी येते. पुढे नस सुकते, आणि मग गेलेली दृष्टी गाठ काढूनही सहसा परतत नाही.

पिट्यूटरी ग्रंथीची गाठ याहून फसवी. या ग्रंथीच्या वरच दोन्ही नसांचे काही तंतू एकमेकांना ओलांडून जातात. तेथे दाब पडला म्हणजे दोन्ही डोळ्यांची कानशिलाकडील दृष्टी जाते. समोरचे अक्षर स्वच्छ दिसते; पण खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो, बाजूने आलेली सायकल दिसत नाही. हे ताडावयास प्रथम यंत्रही लागत नाही. डॉक्टरांनी समोर बसावे, रोग्याचा एक डोळा झाकून दुसऱ्याने आपल्याकडे पाहावयास सांगावे आणि बाजूने बोट हळूहळू आत आणावे. दोन मिनिटांचे काम, आणि नेमके तेच राहून जाते!

एका वस्तूच्या दोन दिसणे, डोळा नाकाकडे वळणे, हीही खूण असू शकते. मात्र डोळा बाहेर वळविणारी नस नुसत्या वाढलेल्या दाबानेही लुळी पडते. तेवढ्यावरून गाठीची जागा ठरवू नये.

आता सी. टी. आणि एम. आर. आय. आल्यावर ही खटपट कशाला, असे कोणी विचारील. चित्रावरून गाठ केवढी ते कळते, रोग्याला किती दिसते ते कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही दृष्टिक्षेत्राचा नकाशा काढून पहिल्याशी ताडून पाहावा लागतो. उलट, नसेवर सूज नाही एवढ्यावरून गाठ नाही असेही कोणी समजू नये. अशा रोग्याचे डोके दुखतच राहिले, तर त्याला चित्र काढावयास पाठवावेच.