चिंता, शोक आणि नमाज

इ. स. ६१९ च्या सुमाराचे वर्ष इस्लामच्या इतिहासात ‘दुःखाचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी पैगंबर महंमदांच्या पत्नी खदीजा व चुलते अबू तालिब हे दोघेही निवर्तले. पैगंबरांच्या नावे परंपरेने चालत आलेल्या एका प्रार्थनेत ‘हम्म’ आणि ‘हजन’ यांपासून आश्रय मागितलेला आहे. भाष्यकारांच्या मते हम्म म्हणजे पुढच्याची धास्ती व हजन म्हणजे मागच्याचा शोक.

अशा व्यथित मनाला पाच वेळांची नमाज आधार देते. वजूचे पाणी, नेमलेली वेळ, सिजद्यात भूमीला टेकलेले कपाळ, हे सारे ठरलेलेच असते. खिन्न माणसाला शब्दही शोधावे लागत नाहीत. आजाऱ्याला उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडूनही नमाज पढण्याची मुभा आहे.

तथापि प्रार्थना हा औषधाला पर्याय नव्हे. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले बल्खचे विद्वान अबू झैद अल्-बल्खी यांनी शरीर व मन यांच्या आरोग्यावर एकत्रित ग्रंथ लिहिला. सकारण आणि अकारण खिन्नता असा भेद करून, दुसरीचे मूळ त्यांनी शरीरात मानले व तिला शारीरिक उपचारही सांगितले. म्हणूनच, सिजद्यातून उठून वैद्याकडे जाणाऱ्याची श्रद्धा उणी ठरत नाही.