पिशवी लागल्यानंतरची पंधरा मिनिटे

हिंजवडीत नोकरीसाठी आलेला तरुण रुग्णालयात दाखल झाला, की रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ करतो तो रूममेट किंवा ऑफिसातला सहकारी. पिशवी लागली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरे तर लक्ष ठेवायचे ते तिथून पुढे.

पिशवी बाहेरच्या रक्तपेढीतून आणायची असेल, तर तांबड्या पेशी थंड पेटीतूनच आणायच्या. प्लेटलेट मात्र 20 ते 24 अंशांत राहाव्या लागतात, त्या बर्फावर ठेवायच्या नाहीत. हिंजवडीजवळच्या भूमकर चौकात गाडी अडकली तरी पेटी उघडून पाहू नये.

वॉर्डात दोघे जण रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा, पिशवीवरचे लेबल आणि कागद ताडून पाहतात: नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक, मुदत. ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद झाली की रक्त सावकाश सुरू होते. पहिली 15 मिनिटे सिस्टरची नजर रुग्णावरच हवी. गट चुकला असेल, तर रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे नव्या पेशी फोडू लागतात आणि थोडेसे रक्त जाताच त्रास दिसू शकतो. तांबड्या पेशींची पिशवी शीतपेटीबाहेर काढल्यापासून 4 तासांत संपवायची असते.

थंडी वाजणे, ताप एक अंश सेल्सिअस किंवा अधिक चढणे, अंगावर पित्त उठणे, दम लागणे, कंबर दुखणे, लघवी लाल होणे, यांपैकी काहीही दिसले की आधी पिशवी बंद करतात. सुई काढत नाहीत. नवा सेट लावून सलाइन चालू ठेवतात आणि डॉक्टरांना बोलावतात. उरलेली पिशवी सेटसकट, रुग्णाच्या ताज्या रक्ताच्या नमुन्यासह रक्तपेढीत जाते. तिथे गट पुन्हा तपासतात. नमुना यंत्रात वेगाने फिरवल्यावर वर आलेला पिवळसर द्रव गुलाबी दिसला, तर पेशी फुटल्याची शंका येते.

प्रकरण इथे मिटवायचे नसते. 10 डिसेंबर 2012 पासून देशात हिमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्त चढवल्यावरच्या प्रतिक्रियांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम चालू आहे. रुग्णालये आणि रक्तपेढ्या ठरावीक फॉर्ममध्ये प्रतिक्रियेची माहिती नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेकडे पाठवतात. हेतू कुणाला दोषी धरण्याचा नाही. चूक पिशवीत होती, पडताळणीत होती, की रुग्णाच्या शरीराची ती प्रतिक्रिया होती, हे कळावे आणि पुढचा रुग्ण वाचावा, हा आहे.

सोबत असणाऱ्याने एवढे करावे: गावी फोन लावून पूर्वी रक्त चढवले होते का, तेव्हा त्रास झाला होता का, हे विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे. रुग्ण ‘कसंतरी होतंय’ म्हणाला तर लगेच सिस्टरला हाक मारावी. काही प्रतिक्रिया उशिरा, अगदी 28 दिवसांपर्यंतही उमटतात. घरी गेल्यावर डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर रक्त चढवल्याची तारीख सांगून डॉक्टरांना दाखवा.