नऊ कळांचा कळफलक

हाती लेखणी असते तेव्हा सगळी अक्षरे सारख्याच कष्टाने उमटतात. यंत्राचे तसे नाही. कळफलकावर जे अक्षर एका बोटासरशी उमटते ते आपण सढळ हाताने वापरतो; ज्याला तीन-चार कळा लागतात ते हळूहळू टाळू लागतो. मराठीत याचा फटका विशेषतः ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांना बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करावयाचा, आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगावयाचे. हा भेद केवळ बोटांच्या आळसापायी पुसला जावा, हे मला पटेना. म्हणून मी नऊ कळांचा एक छोटा जोड-कळफलक बनविला. त्याला मॅक्रो कीपॅड म्हणतात. एक कळ दाबावी आणि अनेक कळा क्रमाने दाबल्याचे फळ मिळावे, एवढेच त्याचे काम. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो जमतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही, कळेचा क्रमांक पाठवितो. रोमन ‘ए’च्या कळेचा क्रमांक ४. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे संगणकात निवडलेली मांडणी ठरविते. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरविलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्टसह ‘जे’ म्हणजे ‘ऱ’, ‘डी’ म्हणजे पायमोड आणि तिरकी रेघ म्हणजे ‘य’. या तिन्ही कळा ओळीने दाबल्या की ‘ऱ्य’ उमटतो. शेवटी तिरक्या रेघेऐवजी ‘यू’ दाबला, तर ‘ऱ्ह’. माझ्या कळफलकाने पाठ करावयाचे ते एवढेच.

आता रचना. आपल्याच एखाद्या निबंधाची चार पाने घेऊन कोणत्या अक्षरांपाशी हात अडखळतो ते टिपावे. कळा त्यावरून ठरवाव्यात. नंतर पुठ्ठ्याचे नऊ चौकोन, एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर ठेवून, मांडावेत आणि त्यांवर हात ठेवून पाहावा. हात सुखावला तरच पुढे जावे. कळांची खोकी दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातील १४ मिलिमीटरच्या चौकोनी भोकांत घट्ट बसतात. ही भोके लेसरने कापून घेणे उत्तम.

यंत्राचा मेंदू म्हणून मी रास्पबेरी पाय पिको ही २०२१ साली आलेली चिमुकली पाटी घेतली. तिला बाहेरच्या जोडणीसाठी २६ टोके आहेत. त्यामुळे प्रत्येक कळेचा एक पाय स्वतंत्र टोकाला आणि नऊही कळांचे दुसरे पाय एका सामाईक तारेने ‘ग्राउंड’ला जोडले की झाले. मोठ्या कळफलकांत एवढी टोके पुरत नाहीत, म्हणून कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत गुंफतात. त्या जाळीत तीन कळा एकदम दाबल्यास न दाबलेली चौथीही दाबल्याचा भास होऊ शकतो, म्हणून प्रत्येक कळेपाशी डायोड लावतात. नऊ कळांच्या नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. सोल्डरचा डाख मात्र बेताचा द्यावा, आणि खिडकी उघडी ठेवावी.

उरली आज्ञावली. पिकोवर सर्किट-पायथन चढविले की ती संगणकाला पेन ड्राइव्हसारखी दिसते. तिच्यातील साध्या मजकुराच्या फाइलीत ‘अमुक कळ दाबली, तर हे क्रमांक पाठव’ असे लिहावयाचे. दाबलेल्या कळेतील धातूचे पाते काही मिलिसेकंद थरथरते. तेवढा वेळ दुर्लक्ष करण्यास आज्ञावलीला सांगावे लागते, नाहीतर एक अक्षर दोनदा उमटते.

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. संगणकावर इंग्रजी मांडणी चालू असेल, तर ‘ऱ्य’ची कळ दाबल्यावर ‘जे’, ‘डी’ आणि तिरकी रेघ एवढेच उमटेल. शिवाय शब्दात ‘र्य’ हवा की ‘ऱ्य’, हे त्याला कळत नाही. ते लिहिणाऱ्यालाच कळले पाहिजे. यंत्र फक्त सबब काढून घेते.

मित्रहो, आपली भाषा यंत्रात बसत नाही अशी तक्रार आपण वारंवार करतो. निदान नऊ कळांपुरते तरी यंत्र भाषेच्या मापाने बेतता येते, हे मी अनुभवाने सांगतो.