ट्रॅक्शन कंट्रोलचा लाईट लागलाय? गॅरेजला जाण्याआधी मोबाईलवर हे तपासा

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना माझ्या गाडीच्या मीटरवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह पेटलं. पाठोपाठ एबीएसचा लाईटही लागला. गॅरेजवाल्याने वरवर बघून सांगितलं, "एबीएस युनिट गेलंय, २५ हजार धरून चाला." खरा दोष मात्र एका मळलेल्या कनेक्टरमध्ये निघाला. तो मोबाईलने कसा सापडला, ते बघूया.

आधी लाईट ओळखा

लाईट लुकलुकत असेल तर घाबरू नका. चाक घसरतंय आणि सिस्टीम ते सावरतेय. फक्त अॅक्सिलरेटर हलका करा. लाईट सतत पेटलेला असेल तर चुकून ऑफचं बटण दाबलं गेलंय का ते बघा. तसं नसेल तर सिस्टीममध्ये दोष आहे.

दोन लाईट एकदम का लागतात?

चारही चाकांजवळ एकेक स्पीड सेन्सर असतो. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस दोघंही त्याच्याच रीडिंगवर चालतात. एक सेन्सर गप्प झाला की दोन्ही बंद पडू शकतात. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबलात तर चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते. म्हणून गाडी हळू चालवा आणि अंतर ठेवा. ब्रेकचा लाल लाईटही लागला, तर गाडी चालवूच नका.

मोबाईलवर तपासणी

१. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ अॅडॉप्टर लावा. आयफोन असेल तर ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला घ्या.

२. बरीच फुकट अॅप्स फक्त इंजिनचे 'पी' कोड वाचतात. आपल्याला 'सी' कोड हवेत. त्यामुळे तुमच्या गाडीचं एबीएस वाचणारं अॅप निवडा.

३. कोड वाचा. मला सी००३५ मिळाला, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट.

इथेच बरेच जण फसतात. कोड फक्त पत्ता सांगतो, गुन्हेगार नाही. सेन्सर, वायर, कनेक्टर, यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येऊ शकतो.

४. लाईव्ह डेटा बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर मी ताशी २० च्या वेगाने गाडी चालवली, शेजारी बसलेल्या मित्राने आकडे वाचले. तीन चाकं २०, डावं पुढचं शून्य!

मेकॅनिकला तेच चाक उघडायला लावलं. कनेक्टरमध्ये चिखल आणि हिरवा गंज होता. साफ केल्यावर चारही आकडे जुळले.

कोड आधीच डिलीट करू नका. लाईट विझतो, दोष तसाच राहतो आणि पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट काढा आणि तो घेऊनच गॅरेजला जा.