खेळ कोठें अडला?

आज मी आपणांस एका खेळाविषयीं सांगणार आहें. खेळ मुलांचा, आणि मी साठी उलटलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. तेव्हां त्यांतील डावपेंच मजकडून ऐकण्याची अपेक्षा कोणी करूं नये. परंतु अडलेला खेळ कोठें अडला हें कसें शोधावें, ही गोष्ट मात्र मास्तराच्या अधिकारांतली आहे. चुकलेलें गणित तपासण्याहून ती फारशी निराळी नाहीं.

प्रसंग गेल्या भाऊबिजेचा. माझी नात, मुलीची मुलगी, दिवाळीसाठीं नागपुराहून औरंगपुऱ्यांतील आमच्या घरीं आली होती आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं परत जावयाची होती. ओवाळणी झाल्यावर ती आणि तिचा मामेभाऊ, म्हणजे माझा नातू, आपापले संगणक उघडून बसलीं. माइनक्राफ्ट नांवाच्या खेळांत ठोकळ्यांचें एक जग रचावयाचें असतें. त्या जगांत दोघांनीं मिळून एक वाडा बांधावयाचा, असा बेत महिनाभर आधीं फोनवर ठरला होता. एका घरांतील संगणकांनीं आपसांत जोडून घेऊन खेळण्याची सोय या खेळांत २०१२ पासून आहे. तिला ‘लॅन’ म्हणतात. नातवानें आपलें जग लॅनवर खुलें केलें. पण तें नातीच्या पडद्यावर कांहीं केल्या दिसेना. तासभर खटपट झाली. शेवटीं दोघें एकाच सतरंजीवर एकमेकांकडे पाठ करून आपापला निराळा खेळ खेळूं लागलीं. मला तें पाहवेना.

“आजोबा, आम्ही सगळं करून पाहिलं,” नातू म्हणाला.

“काय काय केलेंत, तें क्रमानें सांग पाहूं.”

“आधी ताईला माझ्या वायफायवर घेतलं. तरी दिसेना, म्हणून तिला होती तिथं परत नेलं. मग मी फायरवॉल बंद केली. तरी दिसेना, म्हणून पुन्हा चालू केली.”

श्रोतेहो, सगळें मर्म या उत्तरांत आहे. पुढें असें आढळून आलें कीं, मुलांचे दोन्ही उपाय बरोबर होते. दोष एक नव्हता, दोन होते. एक दूर केला तरी दुसरा शिल्लक राही. फळ दिसत नसे. आणि फळ दिसलें नाहीं म्हणून मुलें केलेली सुधारणा मोडून टाकीत.

आमच्या शहरांत वाढलेल्या माणसास हें समजावयास कठीण जाऊं नये. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें या नगरास, म्हणजे तेव्हांच्या खडकीस, डोंगराकडील पाणी जमिनीखालून नहरींनीं आणून दिलें. पाणचक्कीचें पाणीही डोंगरांतूनच मातीच्या नळांनीं आणलेलें. अशा नहरीला जागोजागीं आंत पाहण्यासाठीं तोंडें ठेवलेलीं असतात. समजा, नहर दोन ठिकाणीं गाळानें तुंबली आहे. एका माणसानें पहिल्या ठिकाणचा गाळ काढला, धांवत जाऊन शेवटचा हौद पाहिला, तो कोरडाच. म्हणून त्यानें काढलेला गाळ पुन्हा आंत लोटला! त्याला आपण शहाणा म्हणणार नाहीं. मुलांनीं नेमकें तेंच केलें होतें. हौदाकडे पाहून निर्णय करूं नये. प्रत्येक तोंडाशीं थांबून तेथवर पाणी आलें कीं नाहीं तें पाहावें, आणि सुधारलेलें सुधारलेलेंच ठेवावें.

आतां हीं तोंडें कोणतीं, तें सांगतों.

पहिलें तोंड: दोन्ही संगणक एकाच जाळ्यांत आहेत काय? विंडोजमध्यें ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली कीं त्या संगणकाचा पत्ता दिसतो. नातवाचा पत्ता निघाला १९२.१६८.१.५, आणि नातीचा १९२.१६८.२.७. घरगुती जाळ्यांत पहिले तीन आंकडे सहसा सारखे असतात. येथें तिसरा निराळा. (पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाहीं असें समजावें.) कारण लौकरच उमगलें. माझ्या मुलानें राउटरवर पाहुण्यांसाठीं वेगळें वायफाय ठेवलें आहे. त्यावरून बाहेरचें इंटरनेट मिळतें, परंतु घरांतील यंत्रें दिसत नाहींत. व्यवस्था चांगलीच आहे. पण घरच्या नातीला पाहुण्यांच्या वायफायवर बसविलें, ही आमची चूक. कांहीं राउटर पाहुण्यांनाही तसेच आंकडे देतात, म्हणून वायफायचें नांवही ताडून पाहावें. नातीला घरच्या वायफायवर घेतलें आणि तिला तेथेंच राहूं दिलें.

दुसरें तोंड: जग खुलें करणाऱ्या संगणकाचा दरवाजा. फायरवॉल हा संगणकाचा दरवान. खेळ प्रथम जाळ्यावर बोलूं लागतो तेव्हां दरवान विचारतो, याला परवानगी द्यावी काय? नातवानें घाईंत ‘रद्द करा’ दाबलें होतें. तो नकार दरवानानें कायमचा लिहून ठेवला. परवानग्यांच्या यादींत खेळाचें नांव शोधून सांपडत नाहीं. तेथें ‘जावा’ किंवा ‘ओपनजेडीके’ अशी नोंद असते. तिच्यापुढें ‘खाजगी’ या रकान्यांत खूण करावी, आणि घरचें जाळेंही ‘सार्वजनिक’ नसून ‘खाजगी’ म्हणून नोंदलें आहे ना, तें पाहावें. सबंध फायरवॉल मात्र बंद ठेवूं नये. एका मुलाला घरांत घ्यावयाचें म्हणून कोणी वाड्याची भिंत पाडीत नाहीं.

तिसरें तोंड: आवृत्ति. दोन्हीकडे खेळाची आवृत्ति तंतोतंत एक हवी. ती आरंभीच्या पडद्यावर खालीं डाव्या कोपऱ्यांत लिहिलेली असते. जावा व बेडरॉक हे या खेळाचे दोन निराळे प्रकार. एकांतला दुसऱ्यांत जाऊं शकत नाहीं. शिवाय प्रत्येकाचें खातें स्वतंत्र पाहिजे. आमच्याकडे हें सर्व ठीक होतें.

येथवर आलों तों नात ओरडली, “दिसलं!”

एवढें करूनही यादी रिकामीच राहिली, तर चौथें तोंड पाहावें. यजमान संगणक आपलें जग खुलें असल्याची दवंडी जाळ्यावर पिटीत असतो. कांहीं राउटर ती दवंडी पुढें जाऊं देत नाहींत. दवंडी ऐकूं आली नाहीं म्हणजे दार बंदच आहे असें नव्हे. अशा वेळीं ‘थेट जोडणी’ निवडून यजमानाचा पत्ता, मग विसर्गचिन्ह, आणि जग खुलें करतांना त्याच्या पडद्यावर दिसलेला पोर्टचा आंकडा लिहावा. तो आंकडा बहुधा दर वेळीं बदलतो. ‘पिंग’ ही आज्ञाही पुष्कळ जण वापरतात. तिला उत्तर आलें तर मार्ग मोकळा समजावा. न आलें तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण तो प्रश्नही दरवान अडवीत असेल.

त्या रात्रीं मुलें अकरापर्यंत खेळलीं. वाड्याची दिंडी, चौक आणि एक माडी उभी राहिली. सकाळीं नात गेली. अर्धा वाडा नातवाच्या संगणकांत तसाच आहे; तो याच रीतीनें पुरा करावयाचा तर तिला पुन्हा आमच्या घरींच यावें लागेल, कारण घरचें जाळें घराबाहेर पोंचत नाहीं. याविषयीं माझी कांहीं तक्रार नाहीं. इतकें सांगून आपली रजा घेतों.