पत्र्याच्या शेडमधील गॅसहीटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोसरी, चिखली, तळवड्यापासून थेट चाकणपर्यंत, घरामागे पत्र्याची शेड ठोकून तीत एखादे लेथ मशीन मांडणाऱ्या आणि जॉबवर्कवर प्रपंच चालविणाऱ्या कारागिरांची वस्ती मोठी आहे. आणि ज्या पुणे परिसरात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, तेथे पौषातल्या रात्री लोखंड हाती धरवेनासे झाले म्हणजे गॅसच्या फिरत्या हीटरचा मोह पडावा, हे स्वाभाविकच होय. मात्र हीटरसोबत ज्या समजुती शेडमध्ये शिरतात, त्यांची झडती घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : पत्र्याला फटी असतातच, निराळ्या वायुवीजनाची जरूर नाही.
वस्तुस्थिती : एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा खर्ची पडते, आणि दहा फूट लांब-रुंद व आठ फूट उंच शेडमध्ये सारी मिळून जेमतेम २२ घनमीटर हवा असते. त्यातला प्राणवायू संपण्याच्या कितीतरी आधीच ज्वलन बिघडू लागते. म्हणून फटींत गोणपाट कोंबण्याऐवजी एक झरोका जमिनीलगत व एक छपरालगत कायम उघडा राहील, अशी तजवीज करावी.

गैरसमज : वास येत नाही, तोवर धोका नाही.
वस्तुस्थिती : गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेले उग्र वासाचे मर्केप्टन ज्योतीत जळून जाते. अपुऱ्या ज्वलनातून निपजणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र वर्णगंधरहित असून, रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जडतो. आणि त्याची डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे रात्रपाळीच्या थकव्याच्या खाती जमा होतात, ही त्याची खरी दगाबाजी. अशी शंका येताच प्रथम उघड्या हवेत यावे.

गैरसमज : गळलेला गॅस उंच खिडकीतून निघून जातो.
वस्तुस्थिती : पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असतो, परंतु बाटलीतला एलपीजी तिच्या दीड ते दोन पट जड असल्याने जमिनीलगत, एखाद्या खड्ड्यात वा गटारात साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण अवघे दोन टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते. वास येताच दिव्याचे बटण, ग्राइंडर, एक्झॉस्ट पंखा यांपैकी कशासही हात न लावता, दार सताड उघडून, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर वर्दी द्यावी.

गैरसमज : घरची बाटली काय, कोपऱ्यावर भरून घेतलेली काय, गॅस तोच.
वस्तुस्थिती : २००० सालच्या नियमन आदेशान्वये १४.२ किलोची घरगुती बाटली धंद्याच्या कामी वापरण्यास मनाई आहे. त्यासाठी १९ किलोची व्यावसायिक किंवा ५ किलोची अधिकृत बाटली मिळते. चोरट्या भरणीचे पर्यवसान ताथवड्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये पाहिले आहे: टँकरमधून बाटल्यांत बेकायदा गॅस भरताना एकामागून एक स्फोट झाले आणि जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या गाड्या जळाल्या.

गैरसमज : ज्योतीच्या उबेने यंत्रे कोरडी राहतात.
वस्तुस्थिती : धुराडे नसलेल्या हीटरमध्ये एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने शेडमध्येच उरते, पहाटे ते थंड चकवर आणि व्हर्नियरवर दव होऊन बसते व गंज चढविते.

एवढे जाणूनही हीटर घ्यावयाचाच, तर प्राणवायू घटताच अथवा कलंडताच आपोआप बंद पडणारा घ्यावा, थिनर व कॉटन वेस्ट त्याच्यापासून दूर ठेवावे, आणि शेडमध्येच कोणी झोपत असेल तर गॅसहीटर पेटता ठेवण्याची मुभा कोणालाही देऊ नये. तेथे विजेचा हीटर वापरून बिल थोडे वाढले तरी पत्करावे.